पाठीतल्या डिस्कचं ऑपरेशन आणि टीपीएच्या तीन क्वेऱ्या

ऑपरेशनची भीती वाटलीच, पण खरं डोकं फिरलं ते इन्शुरन्स डेस्कवर.

सुरुवात थोडक्यात सांगते. चालताना उजव्या पायातली चप्पल निसटायची आणि मला कळायचंच नाही, मागे बघावं तर चप्पल दोन पावलं मागे. त्याआधी सहा महिने छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं व्हायचं, ते मी ॲसिडिटीवर ढकललं, ईसीजी पण झाला. कमरेचा एमआरआय नॉर्मल, कारण भानगड वर होती, डी8-डी9 ला, म्हणजे पाठीच्या आठव्या-नवव्या मणक्यामध्ये. डिस्क बाहेर आलेली, कॅल्शियम साठून दगडासारखी झालेली आणि मज्जारज्जूला बरोब्बर समोरून दाबणारी. सर्जन म्हणाले छातीतून जावं लागेल. ठीक.

कॅशलेसचे कागद टीपीएकडे (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) गेले आणि पहिली क्वेरी आली: मणक्याच्या ऑपरेशनला छाती का उघडताय? मागून लॅमिनेक्टॉमी (मणक्याचं मागचं हाड काढणं) का नाही? मी डेस्कवरच्या मुलाला म्हटलं, अरे 2024 चं आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, परिपत्रक आहे, एका तासात उत्तर द्यायचं असतं. तो शांतपणे म्हणाला, "काकू, क्वेरी आली म्हणजे उत्तर आलंच की." मी व्हीलचेअरवर, पाय जड झालेले, आणि हा स्टेपलर शोधतोय.

सर्जननी अर्ध्या पानाचं पत्र दिलं. ते मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालंय. कमरेत खाली मज्जारज्जू संपलेला असतो, नुसत्या नसा असतात, त्या जपून बाजूला सारता येतात. पाठीत मज्जारज्जूच आहे, त्याला बाजूला ओढायचं नाही. जुन्या काळी मागूनच हाड काढून डिस्कपर्यंत जायचे, त्यात पाय गेलेले पेशंट बरेच, म्हणून ती वाट सोडली. 1960 मध्ये बरगडीचा मागचा तुकडा काढून तिरकं शिरायची पद्धत आली, 1969 मध्ये छातीतून समोरून. डिस्क मऊ आणि एका बाजूला असेल तर मागून पेडिकलमधून (मणक्याच्या बाजूच्या हाडाच्या खांबातून) पण काढतात, पण माझी मधोमध आणि कडक. पत्र गेलं. दुसरी क्वेरी: डिस्क कडक आहे याचा पुरावा? तर सीटी स्कॅन. (हा आधीच करून ठेवा, कॅल्शियम सीटीतच नीट दिसतं.) तिसरी क्वेरी: दोन सर्जनची फी का? अहो, फुफ्फुसाच्या बाजूने वाट करून द्यायला छातीचे सर्जन लागतात, मणक्याचे डॉक्टर पुढचं बघतात! चौथ्या दिवशी संध्याकाळी अप्रूव्हल आलं, ते पण मी मेडिकल डिरेक्टरच्या केबिनबाहेर जाऊन बसले तेव्हा. पहिल्याच दिवशी बसायला हवं होतं.

हो, एक राहिलंच. एमआरआय घेतानाच पूर्ण मणक्याचं काउंटिंग करून घ्या. पाठीचे बारा मणके दिसायला सारखेच, ऑपरेशन थिएटरमध्ये एक्स-रेवर मोजत जावं लागतं आणि चुकून एक वरखाली झाला तर भलतीच डिस्क निघायची. माझ्या फिल्ममध्ये काउंटिंग नव्हतं, परत मशीनमध्ये झोपले.

ऑपरेशनचं मला काय कळणार, उजवं फुफ्फुस तेवढा वेळ मिटवून ठेवलं होतं आणि पायांचे सिग्नल मशीनवर बघत होते एवढं नंतर सांगितलं. जाग आल्यावर पहिलं काम, अंगठा हलवला. हलला, आणि मी रडले.

छातीतली नळी तीन दिवस, बाटलीत बुडबुडे, खोकताना बरगडी अशी दुखते की उशी छातीशी धरूनच खोकायचं. श्वास आत ओढायचं ते तीन गोळ्यांचं खेळणं (स्पायरोमीटर) दर तासाला, कंटाळा करू नका. त्याचे पैसे मात्र क्लेममधून कापले, नॉन-मेडिकल आयटम म्हणे.