अलिशानची आगगाडी

आज तैवानमधल्या चियायीहून आगगाडीने अलिशानला आलो. ३० मीटरवरून २,२१६ मीटरवर, तेही जेमतेम अडीच फुटी रुळांवरून! डुलीशानच्या डोंगराला गाडी असे काही वेढे घालते की मघाचंच स्टेशन पुन्हा पायाखाली दिसतं. पुढे झिगझॅग. थांबायचं, उलटं चालायचं, परत सुलटं. खंडाळ्याच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची आठवण झालीच.

१९१२ मध्ये जपानी राजवटीत लाइन सुरू झाली ती सायप्रस नावाच्या झाडांचे ओंडके खाली उतरवायला. माणसांचं कौतुक नंतर. तेव्हाचं ‘शे’ जातीचं वाफेचं इंजिन बघितलं. बॉयलर डावीकडे सरकलेला, सिलिंडर उजव्या अंगाला उभे, आणि चाकांपर्यंत जाणारा दातेरी चक्रांचा दांडा. रूप यथातथाच, पण चढावर बलदंड गडी.

जंगलात १९३५ चा एक स्तंभ आहे, तोडलेल्या झाडांच्या आत्म्यांसाठी. आधी कुऱ्हाड, मग शांत! बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

२००९ च्या मोराकोट वादळात मार्ग तुटला, सबंध लाइन सुरू व्हायला २०२४ उजाडलं.

दुकानातून सायप्रसची एक ढलपी घेतलीय. हॉटेलची खोली नुसती घमघमतेय.