पैसे आपले, परवानगी टोकियोची

भोसरीचं शेड रिकामं करून आम्ही चाकणला गेलो, तेव्हा लेथ आणि ड्रिलिंग मशिनं ट्रेलरवरून उतरली आणि लगेच कामाला लागली. अडलं ते पाच अक्षांवर धातू कापणाऱ्या जपानी फाइव्ह-अ‍ॅक्सिसवर. फाउंडेशन बोल्ट आवळले, लेव्हल लागली, पॉवर दिली, आणि कंट्रोलरवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकावर, अलार्म! स्पिंडल फिरेना. केबल, अर्थिंग, सगळं ठीक. जागा बदलल्याचं आतल्या सेन्सरने ओळखलं होतं आणि मशीन लॉक झालं होतं. हलवण्याचं पत्र आम्ही आधीच दिलं होतं, पण मंजुरी टोकियोहून यायची होती आणि जुन्या शेडचा करार संपला होता.

आमचे ऑपरेटर मामा कळवळून म्हणाले, "साहेब, पैसे पूर्ण भरलेत ना आपण? मग कुलूप त्यांचं कसं?"

मी त्यांना तोशिबाचं प्रकरण सांगितलं. तोशिबा मशीन कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नऊ अक्षांची मिलिंग मशिनं निर्यातीचे निर्बंध मोडून सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राडच्या गोदीला विकली. कंट्रोलर नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे. पाणबुडीचा पंखा त्यावर सफाईदार कापला, की आवाज कमी होतो, आणि समुद्रात पाणबुडी सापडते ती आवाजावरूनच. १९८७ मध्ये हे उघडकीस आलं, तेव्हा अमेरिकी खासदारांनी संसदेच्या आवारात तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. हे निर्बंध ठरवणारी पाश्चात्त्य देश आणि जपान यांची समिती, कोकॉम, १९९४ मध्ये गुंडाळली गेली. १९९६ मध्ये वासेनार व्यवस्था आली, म्हणजे शस्त्रं आणि त्यांच्या कामी येणाऱ्या मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणारा अनेक देशांचा गट. भारत २०१७ मध्ये तिचा सदस्य झाला, तरी परवाना द्यायचा की नाही हे विकणारा देशच ठरवतो.

काही आठवड्यांनी मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. नेमप्लेटचे, शेडचे फोटो काढले, आम्ही त्यावर बनवतो ते पंपाचे इम्पेलर, म्हणजे आतली फिरती पाती, हातात घेऊन निरखले. अण्वस्त्रं, क्षेपणास्त्रं यांसाठी वापर करणार नाही, न विचारता विकणार नाही, असं लिहून घेतलं. मग कोड टाकला आणि मशीन सुरू झालं.

मला त्या इंजिनिअरचा राग नाही. पण बातम्यांत आपण विमानं आणि क्षेपणास्त्रांचे सौदे मोजतो, आणि ते घडवणाऱ्या मशीनची चावी कोणाकडे आहे हे कोणी विचारत नाही. फाइव्ह-अ‍ॅक्सिस आता बंगळूरलाही बनतं, पण बहुतेक वेळा त्यावर कंट्रोलर जपानी किंवा जर्मनच असतो. तिथे पैसा आणि माणसं लावायला हवीत, नाहीतर बड्या देशांच्या भांडणात आपलं वर्कशॉप थांबत राहणार.

पुढच्या विस्ताराच्या नकाशात मालकांनी आधी त्या मशीनची जागा कायम केली, भिंती नंतर आखल्या.