कंदील, खळ आणि वाकड्या झिरमिळ्या

पंचवटी, रविवार रात्र

बोटांना अजून खळ चिकटलेली आहे, पण आजचं आजच लिहून टाकते. वसुबारसेच्या आत घरचा आकाशकंदील झाला.

नाना, म्हणजे माझे सासरे, मूळचे येवल्याचे. तिथं भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस पतंग चालतात. आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, फिरवत मोठा झालेला माणूस, बांबू त्यांच्या हातात मऊच पडतो. सकाळी त्यांनी कामट्या काढल्या आणि पुतण्याला बजावलं, “गाठ तासून घे. वाकवताना कामटी तिथंच दगा देते.” हेच मी सांगितलं असतं तर त्यानं मोबाइलवरून मान वर केली नसती.

चांदणीचा हिशोब सोपा आहे. ५ कामट्यांची एक, अशा दोन चांदण्या. दोन्हींची टोकं एकमेकींना बांधायची आणि आतल्या पाच कोनांत ५ आखूड काड्या आडव्या ठोसायच्या. चौथ्या काडीपर्यंत सगळा नुसता पसारा वाटतो. पाचवी बसली की सांगाडा ताणला जातो, चांदणीला पोट येतं. पुतण्या तेव्हा चक्क ओरडला. दहावीतला मुलगा!

खळ मैद्याची. झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून जाऊबाई तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी, म्हणून ती खळ फक्त मोठ्यांसाठी. धाकटीला वेगळ्या वाटीत साधी खळ दिली. कडेचा एक त्रिकोण बल्बसाठी उघडा ठेवला, बाकी सगळीकडे ताव चिकटवले. जिलेटिन कागद चमकतो खरा, पण या खळीला तो जुमानत नाही.

झिरमिळ्या धाकटीनं कापल्या. एक करंगळीएवढी रुंद, दुसरी दोऱ्यासारखी. जाऊबाईंनी कात्री उचलली तेव्हा मी वाटी मध्ये सरकवली. शाळेतल्या कार्यानुभवाच्या वस्तू आपण आया रात्री बसून नीटनेटक्या करतो आणि सकाळी ग्रुपवर सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. त्यात मुलांचं काय असतं? फार तर नाव. जाऊबाई थोड्या फुगल्या, मग चहा ठेवायला गेल्या.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “रविवार कारंज्यावर तयार मिळाला असता की.” मिळाला असता. चार जण एका सतरंजीवर दिवसभर बसले नसते, एवढंच.

आता किल्ल्यावरून वाद पेटलाय. पुतण्याला रायगड हवा, नाना रामशेजवर अडून बसलेत. म्हणे, १६८२ पासून काही वर्षं मोगलांना दाद न देणारा किल्ला दिंडोरीच्या वाटेवर असताना लांब कशाला जायचं? शिवाय रामशेजला माती कमी लागेल, हा माझा मुद्दा. कारण ती तिसऱ्या मजल्यावर मलाच चढवायची आहे.