क्षेत्रफळाचा रकाना

रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. जवळच्या एका ग्रामपंचायतीने गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायचे ठरवले, तेव्हा लोकसंख्येवरचे प्रकरण माझ्याकडे आले. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावनिहाय आकडे मिळतात, त्यामुळे हे काम दोन दुपारींत उरकेल अशी माझी समजूत होती.

पहिल्याच दुपारी मी अडखळले. १९८१ ते १९९१ या दहा वर्षांत गावाची लोकसंख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. कोकणात असे काही दिसले की मनात प्रथम मुंबईच येते, आणि मीही चाकरमान्यांनी बायकामुलांना सोबत नेल्याचा एक भावपूर्ण परिच्छेद तिथल्या तिथे लिहून टाकला. खटकत होते ते एवढेच, की जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपामुळे त्याच दशकात अनेक कामगार गावी परतले होते. मग याच गावातून इतकी माणसे गेली कशी?

संध्याकाळी पुस्तिका मिटता मिटता लक्ष क्षेत्रफळाच्या रकान्याकडे गेले. गावाचे हेक्टरसुद्धा तेवढेच घटले होते! माणसे मुंबईला जातात, जमीन जात नाही. गावांच्या यादीत पुन्हा शोधल्यावर थोड्याच ओळी खाली एका वाडीचे नाव स्वतंत्र महसुली गाव म्हणून सापडले. दुसऱ्या दिवशी तलाठीभाऊंनी गावनकाशावर बोट ठेवून दोन्ही गावांची शीव दाखवली. ग्रामपंचायत मात्र अजूनही दोन्ही गावांची मिळून एकच असल्याने, आपले गाव कागदावर दुभंगले आहे याची ग्रामस्थांना फारशी आठवणच नव्हती.

मला स्वतःचाच राग आला, कारण हाच धोका मी दरवर्षी वर्गात सांगते. १ मार्च १९८१ हा त्या जनगणनेचा संदर्भदिवस होता आणि सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. म्हणून रत्नागिरीचे १९८१ चे सुमारे २१ लाख १९९१ मध्ये १५ लाखांच्या आसपास आलेले दिसतात, ते माणसे हरवली म्हणून नव्हे.

दोन्ही गावांचे आकडे एकत्र केल्यावर १९८१ नंतरची घसरण नाहीशी झाली. खरी घट २००१ ते २०११ या दशकात निघाली, आणि ती जिल्ह्याच्या आकड्यांशीही जुळत होती: या काळात रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, शिवाय २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या वेळी जिल्ह्याची हद्द बदललेली नव्हती.

प्रकरण वाचून दाखवले तेव्हा एका वयोवृद्ध काकांना २०११ चा आकडा अजिबात पटला नाही. “बाई, शिमग्याला पालखी नाचते तेव्हा देवळापुढे याच्या दुप्पट माणूस असतो,” ते म्हणाले. त्यांचे चूक नव्हते. ती गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि होळी आली मार्चच्या उत्तरार्धात. प्रगणक दारी आले तेव्हा अनेक घरांत फक्त म्हातारी माणसे होती. मी तक्त्याखाली गणनेच्या तारखा लिहिल्या, आणि चाकरमान्यांवरचा तो परिच्छेद खोडून न टाकता वीस वर्षे पुढे सरकवला.