तुम्ही विचारलंत म्हणून: भाषणे असताना पत्रे कशाला?

कामगार चळवळीच्या इतिहासावर कुठे बोलायला गेलो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. युजीन डेब्ज, व्हिक्टर बर्गर अशा अमेरिकन समाजवादी पुढाऱ्यांची भाषणे आणि लेख छापलेले असताना त्यांची घरगुती पत्रे वाचण्यात मी इतकी वर्षे का घालवली? विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संकोचही असतो, कारण दुसऱ्याचे पत्र वाचू नये हे आपल्याला लहानपणीच बजावलेले असते. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुढारी भाषणात स्वतःची हकिगत नीट लावून सांगतो आणि पत्रात ती जशी घडत गेली तशी पडलेली असते, हे मला डेब्जमुळे कळले. १८९४ च्या पुलमन संपात अमेरिकन रेल्वे युनियनचे नेतृत्व करताना त्याने न्यायालयाचा मनाईहुकूम मोडला आणि त्यासाठी १८९५ मध्ये इलिनॉयमधील वुडस्टॉकच्या तुरुंगात त्याला सहा महिने काढावे लागले. तिथे बर्गर भेटायला आला, त्याने मार्क्सचे ‘कॅपिटल’ हाती ठेवले आणि डेब्ज समाजवादी झाला, अशी कथा आहे. ती काही इतरांनी रचलेली नव्हे. १९०२ मध्ये खुद्द डेब्जनेच ती लिहिली. परंतु १८९६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे सुटकेला वर्षही झाले नव्हते तेव्हा, त्याने विल्यम जेनिंग्ज ब्रायनला पाठवलेले अभिनंदनाचे पत्र उपलब्ध आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या या उमेदवारात त्याला साऱ्या प्रजासत्ताकाची आशा दिसत होती. समाजवाद त्याने जाहीरपणे स्वीकारला तो १८९७ च्या जानेवारीत. म्हणून त्याची कथा खोटी ठरते असे मी म्हणत नाही. माणसाचे मत बदलायला वेळ लागतो आणि मधल्या काळात तो जुन्या आशेला आणखी एकदा धरून पाहतो, एवढे मला त्या पत्राने दाखवले, आणि डेब्ज मला त्यामुळे अधिक जवळचा वाटू लागला.

याहून जुने एक पत्र माझ्या मनातून जात नाही. १८७४ मध्ये, आदल्या वर्षीच्या आर्थिक कोसळीनंतर, अठरा वर्षांचा डेब्ज इंडियाना राज्यातील टेरे होट हे आपले गाव सोडून रेल्वेतल्या कामासाठी सेंट लुईसकडे गेला होता. तिथून तो बहिणीला लिहितो की शहराच्या मोठ्या रस्त्यांवरून चालताना पुरुष, बायका आणि मुले खायला मागताना दिसतात आणि काळीज तुटते. त्यात कसलाही सिद्धान्त नाही, कारण या मुलाने अजून कोणताच सिद्धान्त वाचलेला नव्हता. पुढच्या पन्नास वर्षांतली त्याची भाषणे मी याच ओळीवर ठेवून वाचतो.

बर्गरच्या घरची पत्रे वेगळ्या कारणासाठी वाचावीत. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहराचा हा पुढारी १९१० मध्ये निवडून आला आणि अमेरिकी काँग्रेसमधला पहिला समाजवादी सभासद ठरला. त्याची बायको मेटा ही त्याची एके काळची विद्यार्थिनी. सुरुवातीच्या पत्रांत तो तिला शिकवतो, समजावतो, कधी हुकूमही सोडतो. पण १९०९ मध्ये ती मिलवॉकीच्या शाळा मंडळावर निवडून आली, पुढे मंडळाची अध्यक्ष झाली, आणि हळूहळू दोघांच्या पत्रांतला सूरच पालटत जातो. समतेवर भाषण देणे आणि स्वतःच्या घरात बायकोचे स्वतंत्र मत ऐकून घेणे यांत केवढे अंतर असते, हे कोणत्याही जाहीरनाम्यात सापडणार नाही.

संकोचाविषयीही सांगतो. ही पत्रे आपल्याआधी सरकारने वाचली आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्गरच्या ‘मिलवॉकी लीडर’ या दैनिकाची टपालदराची सवलत काढून घेण्यात आली आणि १९१८ मध्ये त्याच्या कचेरीकडे येणारी पत्रेही अडवली गेली. समाजवादी पक्षाच्या देशभर विखुरलेल्या लहान लहान शाखांना जोडणारा धागा टपालाचा होता, आणि सत्तेला तो नेमका ठाऊक होता.

डेब्जच्या बाबतीत हा धागा त्याच्या भावाच्या हाती होता. थिओडोर त्याच्याहून जवळजवळ नऊ वर्षांनी लहान. टेरे होटला बसून तो युजीनचा पत्रव्यवहार सांभाळायचा आणि त्याच्या वतीने कित्येक उत्तरे स्वतःच लिहायचा. १९१८ च्या जूनमध्ये ओहायोतील कँटन येथे केलेल्या युद्धविरोधी भाषणाबद्दल युजीनला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९१९ मध्ये तो अटलांटाच्या तुरुंगात कैदी क्रमांक ९६५३ झाला. १९२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत या कैद्याला नऊ लाखांहून अधिक मते पडली. ती देणाऱ्यांना उत्तर लिहायची मुभा मात्र त्याला नव्हती. मोजकी पत्रे, मंजूर झालेल्या माणसांनाच आणि तपासणी झाल्यावरच बाहेर जात. ही तुरुंगातली पत्रे सावकाश वाचावी लागतात, कारण तिसराही कोणी वाचणार आहे हे जाणून तो लिहितो, आणि दुखण्याविषयी फारसे न सांगता बाहेरच्यांनाच धीर देत राहतो.

१९२१ च्या आरंभी अध्यक्ष विल्सन यांनी त्याची शिक्षा कमी करायला नकार दिला. माफीची गरज मला नसून विल्सन यांनाच आहे, अशा आशयाचे उत्तर डेब्जने तुरुंगातून दिले. त्याबरोबर त्याची भेटीगाठींची आणि पत्रांची उरलीसुरली सवलतही काढून घेण्यात आली. टेरे होटला येणाऱ्या पत्रांना मात्र उत्तरे जातच होती, आणि त्यांच्या खाली सही असायची थिओडोरची.