केळीतील विषाणू सिक्वेन्सिंगने ओळखताना: पद्धत पडताळणीचा माझा अनुभव

जळगाव परिसरात केळीची लागवड आता मुनव्यांऐवजी मोठ्या प्रमाणावर उतीसंवर्धित रोपांनी होते. एका मातृरोपापासून हजारो रोपे तयार होत असल्याने, त्या एका रोपात विषाणू राहून गेला तर तो कितीतरी बागांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 साली सुरू केलेल्या प्रमाणीकरण व्यवस्थेत केळीची रोपे बंची टॉप म्हणजे पर्णगुच्छ, स्ट्रीक, ब्रॅक्ट मोझॅक आणि शेतकऱ्यांना सीएमव्ही म्हणून माहीत असलेला कुकुंबर मोझॅक या चार विषाणूंसाठी तपासली जातात. या कामाला पीसीआर, म्हणजे ठरवलेल्या विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या प्रती वाढवून तो ओळखणारी चाचणी, उत्तम आहे, परंतु ज्या विषाणूची विचारणा केली त्यापलीकडचे ती काही सांगत नाही. नमुन्यातील सगळा आरएनए वाचणारे सिक्वेन्सिंग आमच्या प्रयोगशाळेत आणायचे ठरले, तेव्हा पद्धतीच्या पडताळणीची जबाबदारी माझ्याकडे आली.

पहिली अडचण केळीच्या चिकाची होती. पानाची मधली शीर द्रवरूप नायट्रोजनमध्ये खलताना भुकटी जराशी जरी वितळली, तरी फेनॉलयुक्त द्रव्यांमुळे ती पाहता पाहता तपकिरी होते आणि त्या अर्कातून निघालेला आरएनए पुढच्या कोणत्याही टप्प्याला साथ देत नाही. हे हातवळणाचे काम आहे आणि ते कागदावरच्या कार्यपद्धतीत जितके बारकाईने लिहावे तितके थोडेच.

नंतर लायब्ररी, म्हणजे यंत्राला वाचता येईल असा तयार केलेला तुकड्यांचा संच, कशी बनवायची हा प्रश्न आला. पर्णगुच्छाचा विषाणू डीएनएचा असून त्याचे सहा तुकडे प्रत्येकी साधारण एक हजार अक्षरांचे असतात. स्ट्रीकही डीएनएचा, तर उरलेले दोन आरएनएचे. डीएनए विषाणू पेशीत वाढत असताना त्यांच्या आरएनए प्रती तयार होतात, त्यामुळे एकाच अर्कातून चारही सापडू शकतात. मात्र पॉली-ए शेपटी, म्हणजे टोकाची ‘ए’ अक्षरांची माळ, पाहून आरएनए निवडण्याची सोपी पद्धत येथे चालत नाही, कारण सीएमव्हीच्या आरएनएला ती शेपटीच नसते. म्हणून रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा, आरएनए काढून टाकून उरलेला सगळा वाचण्याचा, खर्चिक असला तरी खात्रीचा मार्ग आम्ही घेतला.

किती कमी विषाणू पकडता येतो हे पाहण्यासाठी बाधित पानाची भुकटी निरोगी पानाच्या भुकटीत दहा-दहा पटींनी विरळ करत गेलो आणि प्रत्येक पायरीवर पीसीआरशी तुलना केली. खरा पेच मात्र दुसऱ्या टोकाला होता. तीव्र बाधित नमुन्यासोबत त्याच फेरीत वाचलेल्या निरोगी नमुन्यातही पर्णगुच्छाचे मोजके रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले तुकडे, दिसत. नमुन्यांच्या निर्देशांकांची, म्हणजे नमुना ओळखण्यासाठी जोडलेल्या छोट्या खुणांची, अदलाबदल हे त्याचे एक ज्ञात कारण आहे. म्हणून प्रत्येक नमुन्याला दोन्ही बाजूंनी स्वतंत्र निर्देशांक दिले. शिवाय दर फेरीत घेवड्याचे एक पान घातले. घेवड्याच्या काही जातींत बियाण्यातून पिढ्यानपिढ्या येणारा, लक्षणे न दाखवणारा एक एंडोर्नाव्हायरस असतो आणि तो केळीत असण्याचे कारण नाही. त्याचे रीड्स केळीच्या नमुन्यांत जितके दिसतील तितकी त्या फेरीतली गळती. ‘आढळला’ म्हणण्याची मर्यादा आम्ही त्यावरून ठरवतो. संपूर्ण पडताळणीतून एकच गोष्ट ठेवायची झाली, तर मी हे घेवड्याचे पान ठेवेन.

राजेळीने सर्वात जास्त विचार करायला लावले. वसईकडे जिची सुकेळी करतात त्या या जातीत ‘बी’ (B) जनुकसंचाचा, म्हणजे मूसा बाल्बिसियाना या रानटी केळीकडून आलेल्या जनुकसंचाचा, वाटा असतो आणि बी जनुकसंचात स्ट्रीक विषाणूचे तुकडे मुळातच गुंफलेले असू शकतात. त्यामुळे स्ट्रीकचे रीड्स मिळाले म्हणजे रोप बाधित आहे, असे म्हणता येत नाही. अशा नमुन्यांत आम्ही वर्तुळाकार डीएनएच वाढवणारी आरसीए ही चाचणी जोडतो, कारण विषाणूचा डीएनए वर्तुळाकार असतो आणि गुंफलेला तुकडा तसा नसतो. पण काही संकरित जातींत उतीसंवर्धनाच्या ताणानेच असे तुकडे जागे होऊन रोग झाल्याची नोंद आहे. म्हणून राजेळीसारख्या जातीत केवळ मातृरोप तपासून थांबणे मला मान्य नाही.

विश्लेषणाकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत 21 प्रयोगशाळांना लघु-आरएनएच्या सिक्वेन्सिंगची तीच माहिती तपासायला दिली होती आणि त्यांची विषाणू शोधण्याची संवेदनशीलता 35 ते 100 टक्के इतकी वेगवेगळी निघाली. यंत्र तेच, माहिती तीच, फरक फक्त वाचणाऱ्यांचा. आम्ही सॉफ्टवेअर आणि संदर्भसंग्रह यांच्या आवृत्त्या गोठवल्या आणि दोघांनी एकमेकांचे निष्कर्ष न पाहता विश्लेषण करायचे असा नियम केला. ईपीपीओ या युरोपीय वनस्पतीसंरक्षण संघटनेची 2022 सालची मार्गदर्शिका या टप्प्यावर फार उपयोगी पडली.

आता मातृरोपांसाठी सिक्वेन्सिंग आणि पुढच्या खेपांसाठी पीसीआर अशी विभागणी आम्ही केली आहे. सिक्वेन्सिंगमध्ये काही आढळले, तर त्याच रोपाचा नवा तुकडा घेऊन दुसऱ्या पद्धतीने खात्री झाल्याशिवाय अहवाल जात नाही, आणि राजेळीच्या खेपा बाहेर पडण्यापूर्वी रोपवाटिकेच्या टप्प्यावर पुन्हा तपासल्या जातात.