चुकीचा पासवर्ड मी मुद्दाम का टाकते

"ताई, लॉगिन होतंय ना, मग चुकीचा पासवर्ड कशाला टाकताय?" महापेच्या आमच्या ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण हे विचारतो. सर्व्हरच्या लॉगिनची सेटिंग बदलली की मी दर वेळी हे करते. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

लिनक्सवर पासवर्ड खरा की खोटा हे एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) किंवा सुडो (तात्पुरते जादा अधिकार देणारी आज्ञा) स्वतः ठरवत नाहीत, ते पॅमला, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेला, विचारतात. पॅमच्या फायली दर लॉगिनला नव्याने वाचल्या जातात. रीस्टार्ट नाही, काही नाही. सेव्ह केलं की लागू.

उबुंटू या लिनक्समधली पॅमची कॉमन-ऑथ फाईल उघडा. पॅम-युनिक्सच्या, म्हणजे मशीनवरचा पासवर्ड तपासणाऱ्या, ओळीत 'सक्सेस=1' दिसेल: पासवर्ड जुळला तर पुढची एक ओळ ओलांडायची. ती ओळ पॅम-डिनाय, म्हणजे थेट नकार. तिच्याखाली पॅम-परमिट, होकार. एका रात्री मी युनिक्स आणि डिनायच्या मध्ये एलडॅपची (सगळ्यांची खाती एका जागी ठेवणाऱ्या सर्व्हरची) ओळ घातली आणि वरचा 1 तसाच ठेवला. तिथे 2 हवा होता. बरोबर पासवर्ड टाकणारा प्रत्येक जण नकारावर जाऊन आदळू लागला. रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचं, सेशन मी आधीच बंद केलं होतं. घणसोलीहून रिक्षाने डेटा सेंटर गाठलं, तर थेट मशीनसमोर, कन्सोलवरही तोच नकार. शेवटी मशीन सुरू होतानाच्या ग्रब मेन्यूमधून, लॉगिन टाळून, थेट बॅश (आज्ञा द्यायची खिडकी) चालू करून फाईल उघडली आणि घाईत डिनायच्या ओळीतलं 'रिक्विझिट' (हा नकार अंतिम) काढून 'ऑप्शनल' (धरला नाही तरी चालेल) लिहिलं. लॉगिन झालं. घरी आले, झोपले.

सकाळी पासवर्डचं एक अक्षर चुकलं, तरी मी आत.

नकार आता कोणी मोजतच नव्हतं, त्यामुळे पासवर्ड कोणताही असो, खाली होकार तयार होता. रात्रभर दार सताड उघडं होतं. दार बंद झालं तर लोक लगेच फोन करतात. उघडं राहिलं तर कोण करणार? सगळे आपापला खरा पासवर्ड टाकून कामाला लागतात. मला आजही भीती वाटते ती याचीच.

म्हणून आता फाईल बदलण्याआधी तिची प्रत रूटच्या होम फोल्डरमध्ये ठेवते. एका खिडकीत रूटचं सेशन उघडं ठेवते. साध्या खात्याचं सेशन चालत नाही, कारण ऐन वेळी सुडोसुद्धा पॅमकडेच जाईल. (रेड हॅट या लिनक्सवर हाताने केलेले बदल ऑथसिलेक्ट हे तिथलं लॉगिन-सेटिंगचं साधन पुसून टाकू शकतं, तिथे त्यात स्वतःचं प्रोफाइल बनवा.) बदल केल्यावर दुसऱ्या खिडकीत लॉगिन करून बघते: खरा पासवर्ड, मग चुकीचा, मग रिकामा. एसएसएच कीने (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ली-फाईलने) तपासू नका, त्या वाटेने पासवर्डची तपासणी होतच नाही. चुकीच्या पासवर्डला 'परमिशन डिनाइड' आलं, की मगच रूटची खिडकी बंद करते.